इडलीला न्यायला तूच ये

॥ ॐ नमः शिवाय ॥

गावालगतच्या आखाड्यावरून, ता. मुखेड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. आरतीस,
शरणार्थ आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

आपली म्हैस पिसाळूनच गेली. काल दुपारी शिल्पा मॅडमनी, म्हणजे तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी, स्वतः फोन करून सांगितलं. मेंदूचा नमुना तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला. इतके दिवस गावात निम्मे लोक घटसर्प म्हणत होते, काहीजण करणी म्हणत होते. आता दुसरं काही म्हणायला जागा राहिली नाही.

तुम्ही सगळे बरे असाल. शिवशंकर भावजींना कॉलेजच्या परीक्षांचं काम असेल. मृण्मयीचा खोकला गेला का? तिला फ्रिजमधलं देऊ नकोस. इकडे ज्वारी पेरून झाली, उगवण चांगली आहे. हे बरे आहेत. म्हशीनं चारा सोडला तेव्हा तिच्या घशात काही अडकलं असेल म्हणून यांनी कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला होता. शेतकरी माणूस आधी तेच करतो. मॅडमनी ऐकलं आणि त्यांना तसंच गाडीत बसवून सरकारी दवाखान्यात पाठवलं. सुया चालू आहेत, मलाही चालू आहेत. काळजीचं नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आता हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. गावातला रामलिंग आज संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो आणि हे पत्र घेऊन तुमच्या दारात येईल. गाडीत ज्वारीचं पोतं असेल, हरभऱ्याची डाळ असेल, आणि तुमचा इडली नसेल. घाबरू नकोस. तो जिवंत आहे, आजारी नाही. पण तू फोनवर म्हणालीस, "अक्का, रामलिंगसोबत पाठवून द्या, आम्ही औसा रोडच्या प्लॉटवर त्याची सोय केलीय," तसं झालं नाही. का झालं नाही ते फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन मृण्मयीच्या हातात असतो आणि ती स्पीकर लावते. म्हणून लिहिते. ती शाळेत गेल्यावर वाच.

ताकापासून सुरू करते, कारण गावाचा राग तिथून सुरू झाला.

आपल्याकडे ताक विकत नाहीत हे तुला माहीतच आहे. घुसळण झाली की गल्लीतल्या बाया तांब्या घेऊन येतात, दारात बसून चार गोष्टी बोलतात आणि ताक घेऊन जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आले. म्हैस गेली आणि मॅडमनी पिसाळीचा संशय सांगितला, त्याच दिवशी सगळ्यांना आठवलं की तिचं ताक कुणाकुणाच्या घरी गेलं होतं. मॅडमनी चारचौघांत सांगितलं की दूध तापवलेलं होतं, भीती नाही. कोण ऐकतं? दोन टेम्पो भरून माणसं मुखेडला सुया घ्यायला गेली, लेकरंसुद्धा.

सिद्धम्मा मावशी परत येताना आपल्या दारात थांबल्या. दंड चोळत म्हणाल्या, "सिंधू, जन्मभर ताक प्याले, कधी सुई लागली न्हाई. तुझं ताक लई महागाचं निघालं बघ." हसल्या त्या. मीही हसले. पण त्यानंतर तांब्या घेऊन कुणी आलं नाही. दुसरी म्हैस धडधाकट आहे, तिच्यावर मॅडमची नजर आहे. घुसळते आणि ताक उकिरड्यावर ओतते.

मग लोक विचारायला लागले की म्हशीला चावलं कोण. पोळा झाल्यावर एक भटकं कुत्रं आखाड्यावर, आपल्या शेतघराच्या आवारात घुसलं होतं. आपल्या लालीनं भुंकत त्याला नाल्यापर्यंत पिटाळून लावलं. तिचा कान फाटला होता. सकाळी म्हशीच्या नाकाडावर ओरखडा दिसला, आम्हाला वाटलं कुंपणाची तार लागली. दोघींनाही हळद लावली आणि कामाला लागलो. म्हणजे चावणारं कुत्रं आपलं नव्हतंच. पण ते गेलं कुठे कुणाला माहीत नाही, आणि आपली दोन डोळ्यांसमोर होती.

बसवेश्वराच्या पारावर बैठक झाली. मी गेले नाही, यांनी येऊन सांगितलं. शेजारचे ईश्वरप्पा यांना म्हणाले, "ग्यानोबा, तुझ्या दोन्ही कुत्र्यांचं काय करून राहिलास?"

हे म्हणाले, "पांढऱ्याला दरसाल सुया हायती. लातूरहून देऊनच आणलंय."

"सुया तर आम्हालाही दिल्या की. म्हणून आम्हाला झोप लागून राहिली का?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "नाव तर काय, इडली. चटणीबी ठेवा म्हणावं सोबत." मग पुन्हा हसले, आणि हसता हसताच ठरलं की येत्या बाजाराच्या आत दोन्ही कुत्री गावात दिसता कामा नयेत. नाहीतर पोरं आपल्या पद्धतीनं बघून घेतील. ती पद्धत म्हणजे काय हे सांगायला नको.

तुमच्या सोसायटीत कुत्री नकोत म्हणून मीटिंग झाली आणि तू इडलीला इथे आणून सोडलंस, तो दिवस मला आठवतो. हौदातलं पाणी पीत नव्हता, वाडग्यातच पाहिजे. कोंबड्याला घाबरायचा. अंधार पडला की आत येऊन बाजेखाली. लालीनं त्याला आधी महिनाभर जवळ येऊ दिलं नाही, आणि मग एकदा रानडुकरं आली तेव्हा तीच त्याला ढुशी मारून घेऊन गेली. तो पळाला मागे मागे, भुंकला सगळ्यात जास्त आणि डुकराच्या जवळ गेला सगळ्यात कमी. हे पोट धरून हसत होते. तुम्ही लातूरला त्याला अंडं देत होता हेही मला माहीत आहे. आपल्या घरात अंडं येत नाही, म्हणून तो दर बाजारच्या दिवशी फाट्यावरच्या ऑम्लेटच्या गाड्यासमोर जाऊन बसायचा. मी कधी बोलले नाही.

दोघांचं जेवण माझ्या हातचं. संध्याकाळी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की मी दारात उभी राहून हाक मारायची, "लाले, इडल्या, या रे." लाली रानात कुठेही असो, यायची. यांच्या हाकेला नाही यायची, गड्याच्या नाही. माझ्या माहेराहून, देगलूरकडून, मी तिला टोपलीत पदराखाली झाकून आणली होती.

मॅडम म्हणाल्या होत्या, इडलीला आधीच्या सुया आहेत, आणखी देऊ, वेगळा ठेवून लक्ष ठेवू, तो वाचेल. लालीला कधीच दिलेल्या नव्हत्या. शेतातल्या कुत्र्याला कोण देतं, असं आपण सगळेच म्हणत आलो. मी विचारलं, तिला तर काही झालेलं नाही, पाणी पिते, जेवते. त्या म्हणाल्या, "आज नाही काकू. महिन्यानं होईल, सहा महिन्यांनी होईल. घरात माणसं आहेत." त्यांनाही ते बोलणं जड जात होतं.

मी तुला फोनवर एवढंच म्हणाले की लाली गेली. तू रडलीस आणि पुढे काही विचारलं नाहीस. मलाही बरं वाटलं, विचारलं नाहीस म्हणून.

झालं असं की मॅडम त्यांच्या मदतनिसाला घेऊन दुपारी आल्या. लाली कडब्याच्या गंजीपलीकडे बसली होती. जीप बघून उठली, गुरगुरली. यांनी हाका मारल्या, आली नाही. मदतनिसानं काठीला लावलेला फास काढला, तो बघून ती नाल्यात उतरली. तिकडून गावातली चार पोरं दगड घेऊन बघत उभी. मॅडम म्हणाल्या, "ती कुणाचं ऐकते?" हे माझ्याकडे बघत होते.

माझे हात पिठाचे होते. तव्यावर भाकरी होती ती उतरवली, मोडली आणि दारात येऊन हाक मारली. "ये गं लाले."

आली. नाला चढून, शेपटी हलवत, जीपच्या बाजूनं, त्या माणसाच्या समोरून आली. मी हाक मारली म्हणून तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी खाली बसले, तिच्या पुढ्यात तुकडा ठेवला आणि तिची मान धरली. मॅडमनी आधी झोपेची सुई दिली, मग दुसरी. मला वाटलं होतं शेवटी एकदा माझ्याकडे बघेल. बघितलं नाही. भाकरी खाण्यात होती.

यांनी नाल्याच्या काठी खोल खड्डा घेतला, चुना टाकला. लालीचा नमुना कुणी पाठवला नाही. मीही विचारलं नाही.

एवढं लिहिलं, आता पुढचं लिहिते, कारण पत्र त्यासाठीच आहे.

इडलीला आम्ही कोठीच्या खोलीत ठेवलं होतं. त्या खोलीची खिडकी दाराकडेच उघडते. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. तो दोन पाय खिडकीत ठेवून उभा होता, सगळं बघत.

त्या दिवसापासून मी हाक मारली की तो कणगीमागे जातो. भाकरी ठेवून मी बाहेर गेले तर खातो. मी उंबऱ्यात उभी राहिले तर खात नाही. हातात काही नाही हे दाखवून बघितलं, लातूरहून आणलेली बिस्किटं दिली. आज सकाळी रामलिंगनं गाडी दाराला लावली, मागे गोणपाट टाकलं, फळी टेकवली. मी म्हटलं, "इडल्या, ये बाळा, घरी जायचंय." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि उभ्या जागी मुतला. आरती, मी खूप बघितलंय, आपल्या सासूबाईंचं शेवटचं दुखणं काढलंय, पण तसं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

रामलिंग म्हणाला, "काकू, तुम्ही बाजूला व्हा, मी उचलतो." तो पुढे झाला तसा इडलीनं दात दाखवले. इडलीनं, जो कोंबड्याला घाबरायचा. ईश्वरप्पांची कमलम्मा भिंतीवरून बघत होती. दुपारपर्यंत गावभर झालं की पांढरंही पिसाळलं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, भीतीनं करतोय, आजार वाटत नाही. पण जबरदस्ती करू नका. आत्ता तो कुणाला चावला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. अर्थ मला समजला. तुलाही समजेल.

म्हणून तू ये. ड्रायव्हर पाठवू नकोस, भावजींना एकट्याला पाठवू नकोस. परवा तुझा फोन आला तेव्हा स्पीकरवर तुझा आवाज ऐकून तो कणगीमागून बाहेर आला होता, फोन वास घेऊन बघत होता. तुझ्या हाकेला तो येईल. दुसऱ्या कुणाच्या येईल असं मला वाटत नाही. हे म्हणतात, ईश्वरप्पांना त्यांनी कसंबसं शब्दात धरलंय, बाजारापर्यंत कुणी दाराशी येणार नाही. बाजार शुक्रवारी आहे. तू गुरुवारी सकाळी ये. भावजींची कार आण, आणि मागच्या सीटवर मृण्मयीची जुनी चादर टाक.

मृण्मयीला लालीचं काय सांगायचं ते तू ठरव. म्हातारी झाली होती म्हटलंस तरी चालेल. पण तिनं मोठ्या आईला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. लातूरला गेल्यावर मॅडमनी सांगितलेल्या उरलेल्या सुया चुकवू नका. तोवर त्याला तिच्याजवळ झोपू देऊ नका, प्लॉटवरच ठेवा. तो पहिल्या रात्री रडेल. रडू द्या.

गुरुवारी तू येशील तेव्हा मी घरात नसेन. हे दारात असतील, तुला खोली उघडून देतील. चुलीवर भाजी-भाकरी झाकून ठेवते, जेवून घे, पण आधी त्याला गाडीत बसव. गावातून जाताना काचा वर घे, कुणी काही बोललं तर थांबू नकोस. मी वरच्या रानात बांधावर असेन. तिथून फाट्यापर्यंतचा रस्ता दिसतो. तुझी गाडी मला दिसेल. तू मात्र मला हात करू नकोस, तो तिकडे बघेल.

तुझी अक्का,
सिंधू