मोबाईलवरची वंदना

सोलापूर,
रविवार

प्रिय रत्नू,

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. परवा राजनंदिनीचा फोन आला होता. लग्नाला सात वर्षं झाली, पण तुझी बायको माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. म्हणाली, हे धड जेवत नाहीत, रजा टाकून घरात बसून असतात, आणि एकच धोशा लावलाय, की अण्णा मला माफ न करताच गेले. अण्णांना जाऊन दोन महिने झाले. स्मशानातून निघताना तू मला विचारलं होतंस, शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का, आणि मी मान हलवून नाही म्हटलं होतं. त्याच प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, पण सरळ तिथं जायची हिंमत होत नाही. थोडं आडवळणानं येते, चालवून घे.

आई बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ती बरी नाही. डोळ्यांमुळे विड्या वळणं कधीच सुटलं, तरी मांडीवर सूप घेऊन बसते आणि बोटं आपली रिकामीच वळत राहतात. पाणी चार दिवसांआड येतं. नळ वाजला की ती अजून आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणते, अवो, आलं बघा. आपला बाप महापालिकेत चावीवाला, अख्ख्या पेठेचं पाणी सोडणारा, आणि आपल्याच गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी. मी चिडायचे. ते म्हणायचे, माझ्या दारात आधी आलं तर लोकांना कुठल्या तोंडानं बोलू. आईचे हात तंबाखूनं भरलेले असायचे म्हणून दहावीपर्यंत माझ्या वेण्या त्यांनीच घातल्या, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. शाळेत पोरी हसायच्या आणि मला मात्र मिरवल्यासारखं वाटायचं. त्या माणसाला आपण चौघं आणि धम्म, एवढंच जग माहीत होतं.

वस्तीतली लग्नं, नामकरणं, माती, बौद्धाचार्य म्हणून सगळं तेच करायचे. कामावरून येऊन अंघोळ करायची, पांढरा सदरा चढवायचा आणि सायकल काढायची. पाच वर्षांचा असल्यापासून तुला पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे. तू त्रिसरण-पंचशील म्हणायला लागलास की बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पालीतला एक शब्द कळत नसूनही. मी घरात भांडी घासता घासता तेच ऐकून पाठ केलं. मला कुणी कधी म्हणायला उभं केलं नाही. त्याचा राग तेव्हा आला होता की नाही, आठवत नाही. आता वाटतं, आला असणार आणि मुरला असणार.

तुझ्या लग्नाचा विषय मी आजवर तुझ्यापाशी काढला नव्हता. पुण्याच्या त्या कार्यालयात अण्णा पिशवीत पांढरे कपडे घेऊन आले होते. मुलीकडचा होम होऊ दे, सप्तपदी होऊ दे, मग दहा मिनिटं मिळाली तर दोघांना पंचशील देऊ, एवढीच त्यांची आशा. कपडे बदलून ते जेवणाच्या टेबलांजवळ उभे राहिले. तू आलास आणि कानाशी लागून म्हणालास, "अण्णा, हितं नको." ते बरं म्हणाले. परतीच्या एसटीत टेंभुर्णी आल्यावर मला विचारलं, पोरगं जेवलं का गं? तुला वाटतं ते चिडले. अरे, चिडले नव्हते, ओशाळले होते. आपल्यापायी पोराला चारचौघांत अवघडल्यासारखं झालं, हे त्यांना लागलं होतं. तू मात्र घरी यायचंच सोडलंस.

मातीला काय झालं ते तू पाहिलंस. शे-दीडशे माणूस जमलेलं आणि म्हणायला कुणी नाही. चाळीस वर्षं सगळ्यांच्या माणसांना त्यांनी निरोप दिला, त्यामुळे दुसरं कुणी शिकलंच नव्हतं. अण्णा आहेत की, म्हणून सगळे निवांत. शेजारच्या गुंडाकाकांनी सुरुवात केली, पण दम्यानं त्यांना दोन ओळींपुढे जाता येईना. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू मागे लिंबाखाली मान खाली घालून उभा. शेवटी कुणीतरी मोबाईलवर वंदना लावली, आणि मधेच जाहिरात लागली. अण्णांच्या सरणापुढे मसाल्याची जाहिरात, रत्नू. वस्ती अजून तुलाच नावं ठेवते, की पोटच्या पोरानं तोंड उघडलं नाही. मी ऐकून घेते.

आता सांगते. जायच्या तीन दिवस आधी मी त्यांना पेज भरवत होते. वाटी बाजूला सारून म्हणाले, "रत्नूला बोलावून घे. माझ्या मातीला त्यानंच म्हणायचं. लई गोड म्हणतंय ते." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, केलास का फोन? मी म्हटलं, लागत नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, वाजतोय, पण तो उचलत नाही. रत्नू, मी फोन लावलाच नव्हता. चार महिने त्यांचं सगळं अंथरुणातलं मी केलं, आणि शेवटचा मान तुझा, हे मला सोसलं नाही. वाटलं, तू येत नाहीस म्हटल्यावर ते मला म्हणायला सांगतील. नाही सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. स्मशानात तू मान खाली घालून उभा होतास तेव्हा माझा एक शब्द पुरला असता, आणि तोही मी गिळला. माफी मागायला हे लिहिलेलं नाही, ती तू दिलीस तरी काही फिरणार नाही. तुला उत्तर हवं होतं, ते घे. त्यांनी तुला कधी टाकलं नव्हतं. तू त्यांना टाकलंस, असं मात्र ते मनाशी धरून गेले, आणि ते मी त्यांना सांगितलं होतं.

तुझीच,
दीक्षा अक्का