डासांच्या तेलाचा खरा हक्कदार

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, व्यवसाय झाडपाल्यापासून डास पळवणारं तेल काढणं, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत बायकोला विचारू नये, ती वेगळं सांगेल.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. तेल काढायचं तांब्याचं भांडं आणि नळी मुलीला. बाळ, आच मंद ठेव. घाई केलीस की तेलाला करपट वास लागतो, आणि डासांच्या आधी गिऱ्हाईक पळतं.

३. सायकल धाकट्या भावाला. बाटलीवर ‘रात्रभर’ असं छापा म्हणून याने बारा वर्षं माझं डोकं खाल्लं. अरे, तेल चालतं तीन तास. तरी माझ्या आजारपणात तू रोज आलास, हे विसरलेलो नाही. सायकलला ब्रेक नाहीत. तुलाही कधी नव्हते.

४. आता तेलाची कृती. ती घराण्याची, म्हणून आपल्यालाही वाटा हवा, असं धाकट्याचं म्हणणं. तेव्हा खरं काय ते लिहितो.

तेल पारखायला तेल लावलेला हात डासांच्या पिंजऱ्यात घालून बसावं लागतं. चार वर्षं मी माझाच हात घातला. एक डास चावला नाही. मी गावभर मिरवलो. एकदा मी तापाने पडलो म्हणून बायकोने घातला. दहा मिनिटांत सतरा चावे. ही म्हणाली, “अहो, तुम्ही तेल न लावता घाला बरं.” घातला. तरी एकही फिरकला नाही. डासांना मीच आवडत नव्हतो, तेलाचा काही संबंध नव्हता.

मी धंदा गुंडाळायला निघालो. हिने पुढची सहा वर्षं दर आठवड्याला हात घातला. निलगिरी किती, गवती चहा किती, ते चावे मोजून ठरवलं. सुजलेल्या हाताने मुलीची वेणी घातली. बाटलीवर नाव मात्र माझं छापलं. चुकलो.

म्हणून कृती मी कोणालाच देत नाही. दुसऱ्याची वस्तू मला वाटता येत नाही. ती हिची आहे. धाकट्याने हिच्याकडे मागावी, आणि बाही वर करून जावं.

मसुदा हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, “एवढं सांगायला मरायची वाट कशाला पाहायची?”

तेव्हा कलम चार माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू. बाटल्यांवर हिचं नाव छापायला सकाळीच देऊन आलो.

सही: तेलवाला

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. बाटल्या पुरवणारे काका

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: १४ मार्च