निंबाचा आवाज

कतारगाम, सुरत
१४ सप्टेंबर २०२५

इंदुबाई वहिनींना प्रदीपचा नमस्कार.

मी बरा आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? युनिव्हर्सिटीत परीक्षा जवळ आल्यात, पोरं आता कुठे वह्या उघडतायत. चॅनलवर होतो तेव्हा ओरडायचा पगार मिळायचा, आता ओरडू नका असं शिकवायचा मिळतो.

तुमची चैताली मंगळवारपासून माझ्या वर्गात आली नाही. घरीही बोलत नसेल. कारण मी आहे.

माहिती देणाऱ्या माणसाला लपवायचं कसं, हे शिकवायला मी दरवर्षी माझीच एक जुनी बातमी दाखवतो. लूमच्या कारखान्यातल्या आगीची. माणूस पाठमोरा, अंगात माझा शर्ट, चेहरा धूसर केलेला. म्हणतो, "भाऊ, पाळी सुरू व्हयनी का दारले बाहेरतून कुलूप लावतस."

यंदाही दाखवली. चेहरा दिसत नाही, चैतालीला काय कळणार? निंबा गेला तेव्हा ती दहा वर्षांची. पण "भाऊ" ऐकताच ती उभी राहिली. "सर, बंध ना करो. पप्पा छे."

तास संपल्यावर म्हणाली, "आवाज इतका ओळखू येतो, तर भाईदासकाकांनी पप्पांचं नाव फोडलं असं कशाला म्हणायचं?"

वहिनी, भाईदासनं काही फोडलं नाही. चॅनलमध्ये आवाज बदलायची सोय होती. एडिटरनं विचारलंही. मीच नको म्हटलं. बदलला की गळ्यातली थरथर जाते, बातमी पडते. माझ्या कानांचा मला तोरा होता. लूमच्या खडखडाटात हाका मारणारी माणसं आवाजावरच एकमेकांना ओळखतात, हे मला कोणी सांगायला हवं होतं? मीही नवागामच्या कारखान्यात बॉबिन भरतच कॉलेज शिकलो. बातमी दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर फोनवर हसला, "मोढुं ढांक्युं, पण बोले छे तो आपणो निंबो ज ने!"

म्हणजे तोंड झाकूनही आवाजानंच निंबा ओळखला गेला, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

निंबाला काढलं, दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं उभं केलं नाही, आणि तिसऱ्या महिन्यात उधन्याजवळचे रूळ. तेराव्याला, भाईदासनंच नाव फोडलं म्हणून, तुम्ही सख्ख्या दिराला सगळ्यांसमोर घराबाहेर काढलंत. मी पंगतीत होतो. भात कालवत राहिलो. नंतर नऊ दिवाळ्या तुमच्या हातचा फराळ खाल्ला.

एरवी माझी चिठ्ठी तुम्हाला चैताली वाचून दाखवते. ही भाईदासच्या हाती देतोय. मला यायची हिंमत नाही. काल डिंडोलीला त्याच्या खोलीवर जाऊन सगळं सांगितलं. त्यानं मला मारलं नाही. एवढंच म्हणाला, "वहिनी दार उघडी का?"

मी म्हटलं, नाही उघडलं तर बाहेर उभा राहून वाच. लूमवर कमावलेला गळा आहे, आत ऐकू येईल.

तेव्हा हे सगळं तुम्ही बंद दारामागूनच ऐकत असाल. त्याचा आवाज अगदी निंबासारखा आहे, वहिनी. कडी काढा.

यापुढे ज्याला दार उघडू नये असा,
प्रदीप