टेसाचं कॉलेज आणि माझी ठणठणीत तब्येत

हो हो, तब्येत ठणठणीत आहे माझी, वेल्डा वन्सं, आणि सगळी पंचाईत तिथंच झालीय! तुमचे गुडघे कसे आहेत? (चर्चच्या बायकांसमोर दुखतात तेवढे घरी एकट्या असताना दुखतात का?) असो. नमस्कार घ्या आणि आधी खुर्चीत बसा.

आपल्या टेसाची, म्हणजे तुमच्या भावाच्या लाडक्या नातीची, गावातल्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं झाली. उरलेली दोन मोठ्या कॉलेजात काढली की पोरगी मास्तरीण होणार. मला वाटलं, वीस मैलांवरचंच घ्यावं, रविवारी तळलेली कोंबडी खायला घरी येईल. तर त्यांनी तिच्या वीस विषयांतले नऊच धरले! बाकीचे अकरा परत शिका म्हणे. अहो, शिकलेलं ते, नासलेलं दूध आहे का? मी तिथल्या बाईला विचारलं, "मी चार पोरं वाढवली, त्यातली किती धराल?" टेसानं कोपरानं ढोसलं मला.

दुसरं कॉलेज सहा तास लांब, पण एकोणीस धरतंय. (सुटलं ते फक्त बोलिंग. चेंडू टाकून खुंट्या पाडायच्या, त्यालाही मार्क!) म्हणून परवा बघायला गेलो. एक पोरगी आमच्याकडं तोंड करून उलटी चालत सगळं दाखवत होती. मी कॉलेज कसलं बघतेय, तिच्या मागचे खांब बघत होते.

मग प्रवेशाच्या साहेबांनी आत बोलावलं. टेसाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "पोरी, अर्जासोबतचा तुझा निबंध वाचून आम्ही सगळे रडलो. आजी अशी टोमॅटोच्या वाफ्यात कोसळली, आणि शेवटचा शब्द काय, तर 'शीक'!"

वन्सं, मी शेजारी उभी! हातात त्यांनीच दिलेलं बिस्कीट! टेसा पांढरीफटक पडली. आणि साहेब माझ्याकडं वळले, "आपण कोण?"

तोंडातून निघून गेलं, "मी आजीची नणंद, वेल्डा."

"तुमची वहिनी फार थोर बाई होती हो."

"होती खरी," मी म्हटलं, "पण मी फार छळलं तिला." (यात खोटं काही नाही.)

जागा मिळाली. पण टेसा आता म्हणते, साहेबांना खरं सांगणार, जागा गेली तरी चालेल.

तुमची स्वर्गवासी वहिनी,
ओपल

ता. क. ती तुमचं ऐकते. तिला समजवा. आणि ऑगस्टमध्ये तिला पोचवायला तुम्ही येऊ नका, तिथं दोन वेल्डा नकोत. तुमची निळी टोपी तेवढी पाठवा.

ता. क. दुसरा. पोरीला बोल लावू नका. तिनं लिहिलं होतं, 'मला लहान मुलांना शिकवायचंय.' एवढंच. अर्जाचं पाकीट टपालात टाकायला माझ्याकडं दिलं, मी उघडलं आणि रात्रीतून नवा निबंध ठोकला. पहिल्यांदा त्यात तुम्हाला मारलं होतं, वन्सं, पण वाचून मला रडूच येईना.