घोटभर चाखून सांगा

३ नोव्हेंबर, सकाळ
काल आपल्या हॉटेलातलं सेलिब्रेशन डिनर अविस्मरणीय. दातांच्या डॉक्टरांचा पन्नासावा वाढदिवस, बारा माणसं, तीन टेबलं जोडलेली. मी स्वतः वाईनची बाटली उघडली. रिवाजाप्रमाणे यजमानाच्या ग्लासात घोटभर ओतली आणि म्हणालो, चाखून सांगा. हा निव्वळ उपचार असतो. चाखायचं, मान हलवायची, विषय संपला. तीस वर्षं लोक मान हलवत आले. हा गृहस्थ म्हणाला, आंबलीय, दुसरी आणा.

मी अत्यंत शांतपणे त्याची कॉलर धरली. त्याने कपाळ माझ्या नाकावर हाणलं. नंतर त्याचं तोंड केकमध्ये गेलं. मी दाबलं म्हणून नव्हे, मान तशीच वाकलेली होती. मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, अर्धी भुवई गेली. बाकीचे अकरा जण हूं की चूं न करता जेवले. इतकं शांत टेबल मी पाहिलेलं नाही.

नाकाचं रक्त टेबलक्लॉथवर. यापुढे पांढरे बंद, मरून रंगाचे घ्यायचे.

४ नोव्हेंबर
बायको सकाळपासून बोलली नाही. दुपारी बोलली, तेव्हा न बोललेलं बरं होतं असं वाटलं. तीस तारखेला लेकीच्या सासरची मंडळी आपल्या हॉटेलात जेवायला येणार आहेत, लग्न ठरल्याचं जेवण. तोवर किंवा त्या दिवशी कुणावर हात उगारलात, तर लेक सासरी जायची वाट बघणार नाही, आम्ही दोघी त्याआधीच भावाकडे जाऊ, म्हणाली. भाऊ म्हणजे माझा मेव्हणा. हॉटेलचं स्वयंपाकघर तोच सांभाळतो.

संकल्प: तीस तारखेपर्यंत हात उगारायचा नाही. पायाबद्दल ती काही बोलली नाही.

६ नोव्हेंबर
नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने माझ्या नाकापुढे बाटल्यांमागून बाटल्या धरल्या, कापूर, कॉफी, अमोनिया. मला वाटलं रिकाम्या आहेत. म्हणाला, वासाची नस दुखावली आहे, वास परत येईलच असं सांगता येत नाही. मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा येऊही शकेल म्हणाला. आधीच नीट सांगायला काय होतं?

थोडक्यात, सर्दी आहे. घरी तसंच सांगितलं. वाफ घेतोय.

११ नोव्हेंबर
विचारांती एक मोठा निर्णय. सगळी भांडणं त्या घोटभर चाखण्यावरून सुरू होतात. गिऱ्हाइकाला मत विचारायचं, मग त्याला मत असतंच. आजपासून हा प्रकार बंद. बाटली आली की थेट सगळ्यांचे ग्लास भरायचे.

शिवाय मी हल्ली प्रत्येक बाटलीचा वास स्वतः घेतो. एकाही बाटलीला खराब वास नाही. दहा दिवसांत आपल्या मालाचा दर्जा कमालीचा सुधारला आहे.

१६ नोव्हेंबर
काल मुख्याध्यापिकाबाईंच्या निवृत्तीचं जेवण. सर्व्हिस फर्स्टक्लास. खुर्ची ओढून बसवलं, नॅपकिन मांडीवर पसरला, ग्लास भरताना टेबलावर थेंब नाही. बाई जुन्या आठवणी सांगत होत्या, सगळ्यांचे डोळे ओले. तेवढ्यात त्यांचा पीटीचा मास्तर ग्लास नाकापाशी नेऊन म्हणाला, याला ओल्या पोत्याचा वास येतोय.

मी वास घेतला. पोतं नाही. ओलं तर अजिबात नाही. तसं सांगितलं. म्हणाला, तुमचं नाक गेलंय.

हात मी उगारला नाही. ही गोष्ट इथे ठळक नोंदवतो. त्याच्या खुर्चीला लाथ घातली. खुर्ची मोडली, तो पडला, उठताना टेबलक्लॉथ ओढला, आणि सूपचं भांडं बाईंच्या मांडीवर गेलं. मग तो धावून आला. माझी दोन बोटं त्याच्या दातांत सापडली. बोटं सोडवायला दुसरा हात वापरावा लागला. तो उगारलेला हात नव्हे, सोडवणारा हात. त्याचा एक दात टार्टमध्ये सापडला. टेबलक्लॉथवर डाग अजिबात दिसला नाही. मरून रंगाची निवड अचूक ठरली.

बायकोला म्हणालो, मास्तर पाय घसरून पडले. तिने माझ्या बँडेजकडे बघितलं आणि जावयाला फोन करायला आत गेली. काय बोलली कळलं नाही.

२२ नोव्हेंबर
दुपारी मी किचनमध्ये चीज कापत होतो. मेव्हणा मागच्या दाराने धावत आला, मला ढकललं, आणि माझ्यामागे शेगडीवर पेटलेला टॉवेल सिंकमध्ये फेकला. अर्धी भिंत काळी. ओरडला की दाजी, सगळ्या गल्लीत धूर झालाय, तुम्हाला वास आला नाही? तुम्ही आहात कुठे?

मालकाला ढकलायचं म्हणजे काय? मी तवा उचलला. त्याने मोठा सुरा उचलला. दोघेही ओट्याभोवती थोडा वेळ फिरलो. मग त्याने सुरा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, दाजी, वास येत नसेल तर सांगा, मी चाखत जाईन, कुणाला कळणार नाही. रडायच्या बेतात होता.

मी तवा भिरकावला. त्याला लावून नाही. लागला तो खांद्याला.

२८ नोव्हेंबर
तयारी पूर्ण. लेक जन्मली त्या वर्षी मी सहा बाटल्या रेड वाईन घेतली होती, तिच्या लग्नासाठी. सव्वीस वर्षं जिवापाड जपली. भट्टीच्या वरच्या फळीवर, जिथे नजर राहील अशी. बायको म्हणाली, भट्टीवर? सव्वीस वर्षं? एक उघडून भावाला चाखू दे. मी म्हणालो, लेकीच्या नावाची बाटली त्या बल्लवाने आधी उष्टी करायची?

परवाचा संकल्प: गोड बोलणे. व्याह्यांच्या प्रत्येक विनोदाला हसणे. हात मागे बांधलेले.

१ डिसेंबर, पहाट
जिंकलो!

क्रमाने लिहितो. व्याही, विहीणबाई, जावई, लेक, बायको. फुलं, मेणबत्त्या, सगळं झकास. व्याह्यांनी विनोद केला, मी हसलो. बाटल्या उघडायला किचनमध्ये गेलो. मी वळलो तेवढ्यात मेव्हण्याने पहिल्या बाटलीतली चमचाभर तोंडात घातली आणि सिंकमध्ये थुंकली. म्हणाला, हे व्हिनेगर झालंय, दाजी, पोरीच्या सासऱ्यांना हे देऊ नका, पाया पडतो. आणि बाटली सिंकमध्ये ओतायला निघाला.

सव्वीस वर्षं. मी काय करायला हवं होतं?

पहिला ठोसा जबड्यावर. कट्ट असा आवाज झाला. तो ओट्याला धरून उभा राहिला, तेव्हा केस धरून कपाळ ओट्यावर आपटलं, एकदा, दोनदा. खाली बसला, तरी हात बाटलीवरच. मग मी त्या हातावर पाय दिला. बाटली वाचली. हे सगळं दार लावून, पाहुण्यांना सुगावा लागू न देता. ॲप्रन बदलला, हात धुतले, हसत बाहेर आलो.

सगळे भारावून गप्प बसले होते. मी सगळ्यांचे ग्लास भरले आणि लेकीच्या जन्माची गोष्ट सांगितली. कुणी हलेना. मग माझ्या लेकीने ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. एका दमात! मग जावयाने. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाईंना ठसका लागला, तरी ग्लास खाली ठेवला नाही. सहाच्या सहा बाटल्या संपत आल्या. एकाने नापसंतीचा शब्द काढला नाही. व्याही तर निघताना दोन्ही हात जोडून, पाठ न दाखवता दारापर्यंत मागे सरकत गेले. कुलीन माणसं.

२ डिसेंबर
घरी कुणी नाही. काल दुपारी हॉटेलात बायको आली, कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या आणि उभ्या उभ्याच बोलली. भावाचा जबडा तारेने बांधलाय, तीन बोटं मोडलीत. मी म्हणालो, दार बंद होतं. ती म्हणाली, दाराला गोल काच आहे, तुम्हीच बसवलीत, बाहेरचं टेबल दिसावं म्हणून. टेबलावरून आतलंही दिसतं.

मी म्हणालो, पण वाईन? सगळे प्याले ना? म्हणाली, सासऱ्यांना पोटासाठी सलाईन लावलंय.

लेक आधी का प्याली, विचारलं. म्हणाली, तिला सवय आहे. लहानपणी तुमच्या हातचं करपलेलं, खारट, कच्चं, सगळं ती आधी खायची. तिने छान म्हटलं की मग आम्ही वाचायचो. काल रात्री तिने सासऱ्यांना वाचवलं.

लग्न होणार आहे. कुठे, ते मला सांगणार नाहीत.

मला वाटायचं, पोरीला माझ्या हातचं आवडतं. ती छान म्हणायची आणि माझा दिवस सोन्याचा व्हायचा. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

१० डिसेंबर
हॉटेल उघडलं. मीच कुक, मीच वेटर. पाव, चीज आणि वाईन, एवढंच.

संध्याकाळी एक जोडपं आलं, लग्नाचा पहिला वाढदिवस. पहिलंच टेबल. बाटली उघडली, वास घेतला. काहीच नाही. चांगली आहे की आंबलीय, देव जाणे. मग पूर्वीसारखी बाईंच्या ग्लासात घोटभर ओतली. म्हणालो, चाखून सांगा. कशीही असली तरी सांगा. मला खरंच कळत नाही.

असं मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो.

बाईंनी घोट घेतला. त्यांनी नाक मुरडलं, मला दिसलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्या हातांकडे, सोललेल्या बोटांकडे बघितलं आणि टेबलाखालून तिला पाय लावला.

बाई घाईघाईने म्हणाल्या, छान आहे. खरंच खूप छान आहे.