उंटस्वार, हत्ती आणि अर्ध्या डावाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, धंद्याने कवळ्या बनवणारी, हे सगळं पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा इतकं माझ्याकडे काही नाही, आणि तो आणायला घरात दुसरं माणूसही नाही. शुक्रवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. शंभरातले नव्वद जण उठून घरी जातात, असं सर्जन म्हणाले. नव्वद टक्के म्हणजे काय, ते मला विचारा. संगणकावरच्या लढाईत ‘विजयाची शक्यता नव्वद टक्के’ असं वाचून मी आजवर तीन किल्ले घालवले आहेत. म्हणून हा कागद.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खालच्या शिलाईवालीला द्यावं. तिचं दुकान तिला पुरत नाही. गेली बारा वर्षं ती माझ्याशी छताकडे बघत बोलते. आता निदान खाली बघून बोलेल.

२. बँकेत जे आहे त्यातून आधी इस्पितळाचं भागवावं. उरलं तर तेही शिलाईवालीलाच. बाथरूमचा नळ गळतो, तो तिने त्यातून बदलावा. मला जमलं नाही.

३. मेण कोरायच्या सुऱ्या, साचे, घासायचं यंत्र हे सगळं ज्या दुसऱ्या कवळीवाल्याला हवं त्याने न्यावं. दातांच्या डॉक्टरांना मात्र काहीही देऊ नये. माझं निम्मं काम त्यांच्याकडून येतं, आणि प्रत्येक कवळी हातात घेऊन ते म्हणतात, “बाई, अजून जरा पांढरी चालली असती.” सत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडात वीस वर्षांचे दात बसवले की तो हसताना दुसऱ्याचाच वाटतो. हे मी त्यांना कधी बोलले नाही. आता लेखी दिलं.

४. जुना संगणक आणि त्यातला अर्धा राहिलेला डाव माझ्या धाकट्या भावाला द्यावा.

हे कलम समजावून सांगायला हवं. हा मध्ययुगातल्या लढायांचा खेळ आहे. आधी एकाने आपली सगळी खेळी करायची, मग दुसऱ्याने. आमच्याकडे संगणक एक आणि खुर्चीही एक, म्हणून घरात नियम होता: ज्याची खेळी असेल तो खुर्चीत बसणार, दुसऱ्याने खोलीबाहेर जायचं. आणि काही झालं तरी दुसऱ्याची खेळी आपण संपवायची नाही. दोघांच्या दोनशे तेरा-तेरा खेळ्या झाल्या, दोनशे चौदावी आधी धाकट्याने करायची आहे. सहा वर्षं झाली. मी खुर्चीवरची धूळ पुसते, बसत नाही.

५. याच खेळासंबंधी माझं एक मत नोंदवून ठेवायचं आहे, कारण हयातीत ते कोणी ऐकून घेतलं नाही. प्रत्येक राज्याला एक अशी तुकडी मिळते जी दुसऱ्या कोणाकडे नसते. धाकट्याच्या राज्याला चिलखती उंटस्वार, माझ्या राज्याला हत्ती. या खास तुकड्या म्हणजे नुसता थाट. उंटस्वार वाळवंटात वाघ असतात, दलदलीत गेले की त्यांचं गाढव होतं. खर्च दुप्पट. आणि शत्रूला बंदुकीचा शोध लागला की संपलं. पंधरा-वीस खेळ्या मिरवायचं, मग तबेल्यात उभं राहायचं. साधा भालाईत बघा. त्याला कोणी विचारत नाही, त्याचं चित्रही खेळाच्या खोक्यावर नाही. पण तो वेशीवर उभा राहतो आणि उभाच राहतो. माझी राजधानी भालाइतांनी राखली. हत्ती मी एकही केला नाही.

६. आता वैर. आई अकरा महिने अंथरुणाला होती. तिचं उठवणं, पुसणं, औषधं माझ्याकडे. धाकटा आठ दिवस आला. आल्या आल्या पलंग खिडकीशी ओढला, आईला कागदाचा मुकुट करून घातला, डॉक्टरांची नक्कल केली, मलाच औषधांच्या वेळा शिकवल्या. नवव्या दिवशी रजा संपली. दारात त्याची पिशवी हातात देताना मी म्हणाले, “तू या घरातला उंटस्वार आहेस. आठ दिवस मिरवलास, आता तबेल्यात जा.” तो म्हणाला, “आणि तू वेस आहेस, ताई. शत्रू येऊ दे नाहीतर माणूस येऊ दे, तू अडवणारच.” दोन महिन्यांनी आई गेली. तेव्हा तो एक दिवस आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि गेला. फोन त्याने केला नाही. मीही केला नाही. त्याला माफ करावं की नाही, हे मी या कलमात ठरवणार होते. ठरत नाही.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं. आज गुरुवार.

शिलाईवालीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने धाकट्याला फोन केला. तो दुपारी आला, पिशवी घेऊन, केस पांढरे करून. पाणीही न मागता टेबलावरचा हा कागद उचलला आणि उभ्यानेच वाचला. तेही दातांचे डॉक्टर कवळी न्यायला आले होते, त्यांच्यासमोर.

“पाचवं कलम चूक आहे,” म्हणाला.

मी म्हटलं, “सहा वर्षांनी येऊन पाचव्या कलमाला लागलास? सहावं वाचलंस का?”

“वाचलं. पण पाचवं चुकलंय म्हणून सहावं चुकलंय. ताई, उंटस्वार पंधरा-वीस खेळ्यांपुरतेच असतात, हे मलाही कळतं गं. पण त्या खेळ्या तर असतात ना? तू हत्ती का केले नाहीस?”

“पुढे निकामी होतात म्हणून.”

“पुढे! तुझ्या दोनशे तेरा खेळ्या झाल्या, त्यातल्या एकीतही तुझ्याकडे हत्ती नव्हता. सगळा डाव नुसती वेशीवर उभी राहिलीस. तुला कोणी सांगितलं होतं?”

डॉक्टर म्हणाले, “मी बाहेर थांबू का?” दोघंही एकदम म्हणालो, “नको.”

मी त्याला सुनावणार होते. अकरा महिन्यांचा हिशोब काढायला घेतला. पण आठवायला लागले तर त्या अकरा महिन्यांत आई हसलेली मला फक्त आठच दिवस आठवली. मुकुट घालून, खिडकीशी. मी तेव्हा चिडून भांडी घासत होते, आणि तिच्या हसण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

म्हणून दुरुस्ती: कलम पाच, शेवटची चार वाक्यं तशीच राहू देत, ती खरी आहेत. त्याआधी ‘नुसता थाट’ लिहिलं आहे ते रद्द. उंटस्वार थोडा वेळ उपयोगी असतात. त्या थोड्या वेळात ते जे करतात ते भालाइतांना करता येत नाही. कलम सहा पूर्ण रद्द.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, गुरुवार, दुपारचे चार.
सही: कवळ्या बनवणारी.

पहिला साक्षीदार: दातांचे डॉक्टर. (सही करताना म्हणाले, “बाई, पांढऱ्याचं मला तोंडावर सांगायचंत की.”)

दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. शिलाईवालीला घर दिलंय, तेव्हा ती चालणार नव्हती. धाकट्याने पेन घेतलं. डॉक्टरांनी त्याचा हात धरला. “अहो, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत तर तुमचं कलम बाद होईल. संगणक, डाव, काही मिळणार नाही.”

“ठाऊक आहे,” धाकटा म्हणाला. “मी आत जाऊन माझी खेळी करून येतो. तुम्ही दोघं बाहेर थांबा.” वीस मिनिटांनी आला आणि बसून पुढचं स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

दुसरा साक्षीदार: धाकटा भाऊ. या सहीमुळे चौथं कलम रद्द होतं याची मला पूर्ण कल्पना आहे. हा डाव मला वारसा म्हणून नको. माझी दोनशे चौदावी खेळी झाली, आता ताईची आहे. शनिवारपासून मी खोलीबाहेर बसलेला असेन.