बाबांचा फ्रेंच सेनापती

बाबा, काका गेले. गावीच, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. फोनवर चुलतभावाचं नाव दिसलं आणि मी मीटिंग सोडून बाहेर आले, कारण त्या घरातून मला फोन येण्याची पद्धत कधीच मोडली होती. "ताई, अण्णा गेले," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू येशील का ते माहीत नाही, पण तुला सांगावंसं वाटलं." मी पुढच्याच विमानाचं तिकीट काढलं. लेकीला बरोबर घेतलं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ती तुमच्या माघारी बऱ्याच वर्षांनी झाली. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत देते. आता परत आलेय, घरात कोणी नाही, आणि तुम्हाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळं तुमच्या त्या सेनापतीपासून सुरू होतं. तुम्ही पुण्यात फ्रेंच शिकलात आणि दुबईच्या शाळेत फ्रेंचचे सर म्हणून आलात, तरी जन्मात कधी फ्रान्सला गेला नाहीत. अल कुसैसच्या आपल्या फ्लॅटमध्ये मला दम्याचा त्रास व्हायचा. बाहेर धुळीचं वारं सुटलं की खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायचे, तोंडाला वाफेचं मशीन लावायचं आणि तुम्ही पलंगाच्या कडेला बसून गोष्ट सांगायची. फार जुनी, आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या काळातली. तिकडे फ्रान्समध्ये एका सरदाराच्या घरात एक किरकोळ, आजारी मुलगा होता, बोलताना अडखळायचा. बापाला वाटे, हा कसला शिपाई होणार. तर तो मुलगा एकदा भर थंडीत घरातून नाहीसा झाला आणि सापडला तो किल्ल्याच्या तटावर, तोफेच्या गाड्यावर गाढ झोपलेला. "मग त्याला सर्दी नाही झाली?" मी मशीनच्या आतून विचारायची. "झाली की," तुम्ही म्हणायचात. "पण पुढे तो फ्रान्सचा सगळ्यात मोठा सेनापती झाला. सर्दी होऊनसुद्धा."

पुढे मी मोठी झाले तशी गोष्टही मोठी झाली. आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या अरुंद ओट्यावर तुम्ही लढाया मांडायचात. आई कणीक मळतेय, आणि तुम्ही तिच्या हाताखालून गोळा ओढून घेताय. त्याचा डोंगर होतो. मसूर डाळ म्हणजे शत्रूची फौज, हिवाळा आला म्हणून छावणी टाकून निवांत बसलेली. तांदूळ म्हणजे आपला सेनापती. "हिवाळ्यात कोणी लढत नाही," तुम्ही म्हणता, "म्हणून हा निघाला." आणि तांदळाचे दाणे एकेक करून डोंगराच्या मागून, बर्फातून, लांबचा वळसा घालून मसुरीच्या पाठीवर येऊन पडतात. आई म्हणते, "ती डाळ आता निवडणार कोण?" तुम्ही म्हणता, "फ्रान्स जिंकला, आणि हिला डाळीचं पडलंय!" सुट्टीत गावी गेलो की हेच काकांच्या ओटीवर चालायचं. काका सुपारी कातरत बसायचे, आपलं लक्षच नाही असं दाखवत. पण तुम्ही मध्येच थांबलात की त्यांचा अडकित्ताही थांबायचा.

मग खालच्या मजल्यावर ती लेबनीज बाई राहायला आली. एकटीच होती, बायकांचे कपडे शिवायची. जिन्यात तुमच्या हातातलं पुस्तक पाहून ती फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली आणि तुमचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. इतकी वर्षं तुम्ही जी भाषा फळ्यावर लिहीत होतात, तिच्यात पहिल्यांदा कोणी तुमच्याशी साध्या गप्पा मारत होतं. ती तुमचे उच्चार सुधारायची, "नो, नो, हबीबी," म्हणून ओठ गोल करून दाखवायची. आईला ती आवडायची, भाषा एक नव्हती तरी. दोघी मोडक्या हिंदीत भाज्यांबद्दल बोलायच्या. एकदा आईने तिला जेवायला बोलावलं आणि जेवणं झाल्यावर तुम्हाला राहवलं नाही. कणकेचा डोंगर, डाळ, तांदूळ, सगळं टेबलावर आलं. तुम्ही रंगून फ्रेंचमध्ये सांगत होतात. सेनापती नदी ओलांडतो, शत्रूला तिथे दाणा मिळू नये म्हणून तो सगळा मुलूख मोकळा करून टाकतो. तुम्ही तळहाताने टेबलाचा तो भाग साफ पुसून काढलात.

तिने त्या पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं, अगदी हळू.

"काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

तुम्ही म्हणालात, "विचारतेय, इथले लोक कुठे गेले."

"मग सांगा की."

"मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात.

मग तिनेच सांगितलं, हिंदी, इंग्रजी आणि अरबीच्या तुकड्यांत, आईला कळावं म्हणून. तिचं गाव असंच मोकळं केलं होतं. आधी ऑलिव्हची झाडं जाळली, मग घरं. तिची आई चालू शकत नव्हती. "माय मदर सेड, यल्ला, तुम जाओ." एवढं बोलून तिने माझ्या आईच्या हातावर हात ठेवला, जेवणाचं कौतुक केलं आणि ती उठून गेली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही सेनापतीचं नाव काढलं नाहीत. मी तेव्हा चौदा-पंधराची, मला तुमची बाजू घ्यायची होती. मी म्हणाले, "बाबा, त्यात काय एवढं, युद्धात असं होतंच." तुम्ही भांडी विसळत होतात. नळ बंद केलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "हे वाक्य माझ्या घरात पुन्हा बोलायचं नाही." तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात असं तेवढं एकदाच. मला फार लागलं. पण पुढे मी पाहिलं, तुम्ही पुस्तकं मागवून सेनापतीने मोकळ्या केलेल्या त्या मुलखाबद्दल वाचत होतात. जिथे मिळेल तिथून त्या जळलेल्या गावांची नावं शोधत होतात. मग वर्गात गोष्ट सांगायला लागलात ती दोन्ही बाजूंनी. मुलं विचारायची, "सर, सो वॉज ही गुड ऑर बॅड?" तुम्ही म्हणायचात, "शिपाई त्याच्यावर जीव टाकायचे. आणि त्याने गावं जाळली. ही दोन्ही वाक्यं लिहा." परीक्षेत त्याला मार्क कसे द्यायचे हे तुमचं तुम्हालाही ठरवता यायचं नाही.

त्याचं मरण मात्र तुम्ही नेहमी भराभर सांगून टाकायचात. लढाई सुरू व्हायची होती, तो शत्रूची मांडणी बघायला पुढे गेला आणि कुठूनसा तोफेचा गोळा आला. खलास. पण त्याच्या देहाची कथा तुम्ही चवीने सांगायचात. राजाने त्याला राजांच्या शेजारी पुरलं. शंभरएक वर्षांनी क्रांती झाली, लोकांनी राजांची थडगी उकरली, तर हा जसाच्या तसा! मग त्याला पेटीत घालून लोकांना दाखवत सुटले. पुढे तर प्राण्यांच्या सांगाड्यांमध्ये नेऊन ठेवलं. सरतेशेवटी कोणाला तरी लाज वाटली आणि त्याला मानाने दुसरीकडे नेलं. एकदा हे ऐकताना आई ताटं पुसत हसत होती. तुम्हीही हसत म्हणालात, "मला मात्र असं फिरवू नका. जिथे पडेन तिथेच काय ते उरका."

तुम्ही पडलात ते शाळेच्या स्टाफरूममध्ये, चहाचा कप हातात असताना. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आई भिंतीला टेकून उभी होती आणि फोनवर काका होते. "वहिनी, त्याला घरी आणा. काय लागेल ते मी बघतो. पण त्याला इथे आणा." आईने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी तिला तुमच्या त्या वाक्याची आठवण करून दिली. तिने डोळे मिटले. मग फोनवर म्हणाली, "भावोजी, त्यांनी बोलून ठेवलंय. इथेच करू." काका म्हणाले, "म्हणजे माझ्या भावाचं तोंडसुद्धा मला बघायला मिळणार नाही." आणि फोन ठेवला.

इथल्या आपल्या स्मशानात तुमचे सहकारी आले, जुने विद्यार्थी आले. ती खालची बाई दाराबाहेर काळ्या कपड्यांत उभी राहिली आणि नंतर आठवडाभर आईजवळ येऊन नुसती बसत होती. आम्ही अस्थी घेऊन गावी गेलो. खाडीवर सगळी भावकी आली, काका आले नाहीत. घरात गेलो तर ते मागच्या परड्यात पाठमोरे उभे होते. आई गेली तेव्हाही त्यांनी फक्त निरोप पाठवला. मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलेय, बाबा, तुम्ही ते खरंच म्हणाला होतात की आईला हसवायला? तुम्ही हसत होतात. पण तुम्ही खरं बोलतानाही हसायचात.

काकांच्या तेराव्याला मी मागच्या पडवीत बसले होते. चुलतभावाची धाकटी मुलगी माझ्या लेकीला काहीतरी सांगत होती. लेक मध्येच ओरडली, "मम्मा! शी नोज द फ्रेंच जनरल!" मी जवळ गेले. ती पोर हातवारे करून सांगत होती, तोफेच्या गाड्यावर झोपलेला मुलगा, बर्फातला वळसा, तोफेचा गोळा. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं गं हे?"

"आजोबांनी. रोज सांगायचे."

"आणि शेवटी काय होतं?"

"शेवटी त्याला त्या जनावरांमध्ये ठेवतात ना, तर त्याचा मोठा भाऊ येतो. म्हणतो, हा आमचा आहे. आणि त्याला पाठीवर घेऊन घरी येतो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला खरी गोष्ट माहीत आहे, मीच सांगितलीय. त्याचा भाऊ तर त्याच्या कितीतरी आधी गेला होता. ती हळूच म्हणाली, "बट दॅट्स नॉट हाऊ इट एंड्स." मी म्हटलं, "या घरात असाच आहे शेवट." ती पुन्हा त्या पोरीचं ऐकू लागली. चुलतभाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "दरवर्षी तुझ्या बाबांच्या तिथीला अण्णा स्वतः पान वाढायचे, ताई. आम्हाला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत." मग आत निघून गेला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा आईला सांभाळायचं होतं, कागदपत्रं होती, मला धड रडताच आलं नाही. ते तसंच राहिलंय असं मी समजत होते. परवा परतीच्या विमानात लेक खांद्यावर झोपली आणि मी शारजा येईपर्यंत रडत होते. बाबा, तुमच्यासाठी नाही. काकांसाठी.